आमची समुद्रसफर

वर्ध्याच्या माणसानें समुद्राविषयीं लिहावयास बसावें, हें पाहून वाचकांस हंसूं आल्यास नवल नाहीं. आमच्या जिल्ह्यांत नद्यांना तोटा नाहीं. वर्धा, वणा, धाम, बोर, यशोदा अशीं किती तरी नांवें सांगतां येतील. परंतु वैशाखांत त्यांच्या पात्रांत पाण्यापेक्षां वाळूच अधिक दिसते. बोर धरणाचा जलाशय मोठा खरा, पण त्याचाही पलीकडचा कांठ दिसतो. ज्या पाण्याला पलीकडचा कांठच नाहीं, तें पाहावयाचें असेल तर येथल्या माणसास रात्रभर आगगाडींत बसून सुमारें साडेसातशें किलोमीटर पश्चिमेकडे जावें लागतें.

आमचीं माणसें समुद्रापर्यंत क्वचितच पोंचलीं. आमचा कापूस मात्र केव्हांच पोंचला होता. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध चाललें असतां तिकडचा कापूस इंग्लंडांतील गिरण्यांस मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड व हिंगणघाट या नांवांना परदेशाच्या बाजारांत एकाएकीं महत्त्व आलें. १८६२ सालीं वर्धा जिल्हा नागपुराहून निराळा झाला, १८६६ सालीं वर्धा शहर वसलें, आणि १८६७ सालीं मुंबईहून निघालेला लोहमार्ग आमच्यावरून पुढें नागपुरास पोंचला. तेव्हांपासून आमच्या शेतांतील रुई गाठींत बांधली जाऊन मुंबईच्या धक्क्यावर जात आली. ज्यांनीं ती पिकविली, वेंचली, रेचली, त्यांनीं तो धक्का कधीं पाहिला नाहीं.

हा इतिहास आम्ही उगीच सांगत नाहीं. आमच्या मातोश्रींचें माहेर हिंगणघाटचें. त्यांचे वडील तेथील एका जिनिंगमध्यें कारकून होते. गाठी मोजून वहींत मांडणें हें त्यांचें काम. सहा-सात वर्षांच्या मुलीनें एकदां विचारलें, "बाबा, ह्या गाठी कुठं जातात?" ते म्हणाले, "मुंबईस, समुद्राकांठीं." "समुद्र केवढा असतो?" "मोठी झालीस कीं दाखवीन." पुढें मुलगी मोठी झाली, तिचें लग्न झालें, ती वर्ध्यास आमच्या घरीं आली, आणि वडील तें वचन तसेंच ठेवून गेले. आमच्याकडे येऊन मातोश्रींनीं साठ वर्षें संसार केला. घरांत सासूसासरे, दीर-नणंदा, आल्यागेल्यांचा राबता, देवपूजा, पुढें मुलांच्या परीक्षा. ज्या ज्या वेळीं मुंबईस कोणाचें कार्य निघालें, त्या त्या वेळीं "घरीं कोणीतरी हवेंच" या न्यायानें मागें राहणारें तें कोणीतरी त्याच असत. काशीयात्रा झाली, गंगेचा गडू देव्हाऱ्यांत आला. परंतु रामेश्वर राहिलें. आतां वय ब्यायशी, गुडघे चालूं देत नाहींत, चाकांची खुर्ची लागते. "काशी अर्धीच झाली माझी," असें त्या कधींमधीं म्हणत, आणि आम्ही तें ऐकून दुसऱ्या कामाला लागत असूं.

गेल्या वर्षीं आमचे ज्येष्ठ बंधू, दादा, नोकरींतून निवृत्त झाले. हातीं कांहीं रक्कम आली. तींतून पहिला खर्च आईच्या समुद्राचा, असें त्यांनीं बोलून दाखविलें. रामेश्वर दूर, गाड्या बदलणें, जिने चढणें तिला झेपणार नाहीं. तेव्हां पुण्याच्या धाकट्या बंधूंनीं सुचविलें कीं मुंबईहून लक्षद्वीपास जाणारीं मोठीं सहलीचीं जहाजें निघतात. एकदां आईला जहाजांत बसविलें कीं चार रात्री कोठें चढणें नाहीं, उतरणें नाहीं. समुद्र आपणच खोलीशीं येईल. सर्वांस तें पटलें. दिवाळीच्या सुटींत जावयाचें ठरलें. मातोश्री, दादा व वहिनी, आम्ही उभयतां, धाकटे बंधू व त्यांचें कुटुंब, आणि चार मुलें, मिळून अकरा माणसें. जागा धाकट्या बंधूंनीं भ्रमणध्वनीवरूनच राखून ठेविल्या.

समुद्रप्रवास म्हणजे आपल्या समाजांत एके काळीं केवढें प्रकरण होतें! परदेशगमन केलेल्यास प्रायश्चित्त घ्यावें लागे, आणि तें घेऊनही पंगतींत पान मिळेल याची खात्री नसे. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यक शिकण्याकरितां अमेरिकेस निघाल्या, तेव्हां त्यांना किती बोल सोसावे लागले हें आपण जाणतोंच. १८८८ सालीं विलायतेस निघालेल्या मोहनदास गांधींना त्यांच्या जातीनें वाळींत टाकलें. ज्यांनीं पुढें १९३६ सालीं आमच्या वर्ध्याजवळच्या शेगांवीं, म्हणजे आजच्या सेवाग्रामीं, बिऱ्हाड केलें, तेच हे गांधी. त्या लोकांनीं विद्येसाठीं समुद्र ओलांडला. आम्ही नुसती मौज करण्यास निघालों होतों आणि आम्हांस अडविणारें कोणीच नव्हतें. काकूंनीं मात्र एक शंका काढली. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईहून रेवसाकडे जाणारी 'रामदास' बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसें गेलीं, ती हकीकत त्यांनीं लहानपणीं थोरांच्या तोंडून ऐकली होती. धाकट्या बंधूंनीं त्यांस समजाविलें कीं तो भर पावसाळ्याचा काळ होता, आणि बोट लहान होती. आतांचीं जहाजें दहा-अकरा मजल्यांचीं असतात. काकूंनीं तरीही मुलांच्या हातीं मारुतीचा अंगारा दिलाच.

विदर्भ एक्सप्रेसनें आम्ही मुंबईस पोंचलों. बंदराच्या इमारतींत तीन तास रांगेंत गेले. दोन हजारांच्या आसपास माणसें एकाच वेळीं चढावयाचीं, तेव्हां रांग लागणारच. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. परंतु सामान तपासतांना वहिनींचा डबा उघडला गेला. चिवडा, बेसनाचे लाडू, लिंबाचें लोणचें, उपासाचें पीठ हें सर्व बाहेर काढून ठेवावें लागलें. बाहेरचें अन्न जहाजावर चालत नाहीं, हा नियम. गांधींनीं विलायतेच्या बोटीवर लाजेमुळें जेवणघरांत न जातां बरोबर नेलेल्या मिठाईवर व फळांवर दिवस काढले, असें त्यांनींच लिहून ठेविलें आहे. त्यांच्या वेळीं हा नियम नव्हता, एवढेंच वहिनींचें समाधान!

नंतर आम्हांस आमच्या खोल्या दाखविण्यांत आल्या. चार खोल्या, आणि त्या तीन निरनिराळ्या मजल्यांवर. खोली स्वच्छ होती, पांढरी शुभ्र चादर होती, न्हाणीघर होतें. खिडकी मात्र नव्हती. जहाजाच्या दोन्ही अंगांना समुद्राकडील खोल्या असतात, आणि मधोमध पोटांत आंतल्या खोल्या असतात. आंतल्या खोल्यांचें भाडें कमी. जागा घेतांना कमी भाड्याचा आंकडा पाहिला गेला, 'आंतली' या शब्दाचा अर्थ कोणीं विचारला नाहीं. मातोश्रींना खुर्चींतून आंत नेलें. त्यांनीं चारी भिंतींकडे पाहिलें आणि विचारलें, "समुद्र कोणीकडे?" कोणास उत्तर सुचेना. इतक्यांत मुलांनीं भिंतीवरील पडदा सुरू केला. जहाजाच्या नाकाशीं बसविलेल्या यंत्रांतून समोरचें पाणी त्यावर दिसत होतें. मातोश्री थोडा वेळ तें पाहत राहिल्या, आणि म्हणाल्या, "असा तर तो घरींही दिसला असता." त्यांच्या बोलण्यांत रोष मुळींच नव्हता, म्हणूनच तें दादांना फार लागलें.

या ठिकाणीं अशा जहाजांचा व्यवहार कसा चालतो तें सांगणें अवश्य आहे. आम्हांस तो जहाजावर गेल्यावरच कळला. जुन्या काळीं कोंकणची आगबोट भाऊच्या धक्क्यावरून सुटे ती माणसांना रत्नागिरी, मालवण, पणजी येथें पोंचविण्याकरितां. उतारू वळकटी पसरून उघड्या डेकवर बसत, वाऱ्यानें भिजत, कोणाला ओकाऱ्या होत. पण समुद्र त्यांच्या हाताशीं असे. त्या बोटी विसाव्या शतकाच्या अखेरीस बंद झाल्या. आतांच्या सहलीच्या जहाजाला कोठें पोंचण्याची घाई नसते. तें जहाज हेंच मुक्कामाचें ठिकाण. भाड्यांत खोली व ठराविक जेवण येतें. त्यापलीकडे पेयें, दुकानें, खेळ, जुगाराचें दालन, संदेशवहनाची सोय या प्रत्येकाचा आकार वेगळा पडतो, आणि जहाजाचा फायदा बराचसा त्यावरच अवलंबून असतो. म्हणून उतारूनें कठड्याशीं निवांत बसून पाणी पाहावें अशी योजना तेथें फारशी नसतेच. जो नुसता बसतो तो कांहीं विकत घेत नाहीं! वरच्या गच्चीवर सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत वाद्यांचा कल्लोळ, मधोमध पोहण्याचा लहान हौद, आणि ज्या थोड्या खुर्च्या समुद्राकडे तोंड करून होत्या त्यांवर कोणाचे तरी पंचे पसरून ठेवलेले. एवढ्या अफाट समुद्राच्या मधोमध माणसें त्या हौदाभोंवतीं दाटी करून उभीं होतीं.

आम्ही एकतर्फी निंदा करूं इच्छित नाहीं. नोकरमंडळी अत्यंत सौजन्यशील होती. मातोश्रींना मसाल्याचें सोसत नाहीं असें कळतांच स्वयंपाक्यानें दोन्ही वेळां साधें वरण-भात निराळें करून दिलें, आणि त्याचा कांहीं आकार घेतला नाहीं. मुलें तर खुशींत होतीं. जहाज इतकें स्थिर चाले कीं सुंठीची पुडी कोणास उघडावी लागली नाहीं. जहाजाच्या मध्यभागीं व खालच्या मजल्यांवर हेलकावा सर्वांत कमी जाणवतो, हा आमच्या आंतल्या खोल्यांचा एक गुण म्हणावा लागेल. परंतु आमचें कुटुंब आपसांत दिसेनासें झालें. घरीं अकरा माणसें एका माजघरांत वावरतात. येथें एकमेकांस शोधण्यांत वेळ जाई. मातोश्रींजवळ आळीपाळीनें कोणीतरी बसे, आणि ज्याची पाळी असे त्याचें लक्ष बाहेर असे. घरीं त्या मागें राहत, तेथेंही त्या मागेंच राहिल्या!

तिसऱ्या दिवशीं सकाळीं लक्षद्वीप आलें. हीं बेटें एकंदर छत्तीस, त्यांपैकीं वस्तीचीं दहाच. तीं पोंवळ्यांनीं बांधलेलीं आहेत. बेटाभोंवतीं पोंवळ्यांचें कडें, आणि कड्याच्या आंत उथळ, निळें-हिरवें पाणी. तो रंग आम्हीं दुरून पाहिला. तो शब्दांत सांगण्याचा आमचा अधिकार नाहीं. लहान मुलेंसुद्धां तो पाहून क्षणभर गप्प झालीं एवढेंच सांगतों. मोठें जहाज त्या कड्याच्या आंत जाऊं शकत नाहीं. तें बाहेर खोल पाण्यांत उभें राहतें, आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्यावर नेतात. आम्ही कठड्याशीं उभे होतों, मातोश्रींची खुर्ची अगदीं पुढें आणली होती. तास गेला, दीड तास गेला. मग ध्वनिक्षेपकावरून सांगण्यांत आलें कीं लाटांचा उठाव अधिक असल्यामुळें होड्या लावणें सुरक्षित नाहीं. कप्तानाच्या निर्णयानें आजचें उतरणें रद्द झालें आहे. थोड्या वेळानें जहाज वळलें, आणि तो निळा रंग मागें मागें जाऊन दिसेनासा झाला.

कप्तानाचा निर्णय चुकीचा होता असें आम्ही म्हणत नाहीं. मोठें जहाज स्थिर दिसलें तरी त्याच्या बाजूला होडी दोन-दोन हात वरखालीं होत असतां तींत माणूस उतरविणें धोक्याचें. त्या दिवसांत अरबी समुद्रांत हवा बिघडणें नवीन नाहीं. 'रामदास'ची हकीकत ज्यांनीं ऐकली आहे, त्यांनीं तरी अशा सावधगिरीस नांवें ठेवूं नयेत. दुःख निराळेंच होतें. दादा चौकशीच्या टेबलाशीं गेले. तेथील बाईंनीं तिकिटाच्या छापील अटी दाखविल्या. हवामानामुळें मुक्काम रद्द झाल्यास भाडें परत मिळत नाहीं, हें त्यांत होतें. त्याच्या खालचें कलमही त्यांनीं सहज वाचून दाखविलें: ज्यांना स्वतःच्या पायांनीं होडींत उतरतां येत नाहीं, त्यांना बेटावर नेण्यांत येणार नाहीं. म्हणजे समुद्र कांचेसारखा शांत असता, तरीही जिच्यासाठीं आम्ही निघालों होतों ती एकटीच जहाजावर राहिली असती!

त्या रात्रीं जेवणाच्या टेबलावर जें व्हावयाचें तें झालें. दादा म्हणाले, "तूं अटी वाचल्या नाहींस?" धाकटे बंधू म्हणाले, "तुम्हांला आंकडा पाठविला होता, तुम्हीच 'घे' म्हणालांत. वरच्या खोल्या सांगितल्या तेव्हां महाग वाटल्या." दादा म्हणाले, "पैसा माझा होता, म्हणून मला महाग वाटणारच." हें वाक्य त्यांनीं उच्चारावयास नको होतें. आमच्या घरांत 'माझा पैसा' हा शब्द आम्हीं तरी पूर्वीं ऐकला नव्हता. धाकट्यांच्या पत्नी ताट सोडून उठल्या. भोंवतालचे लोक पाहूं लागले. आम्ही मधले, मध्यस्थी करण्याचें काम आमचें, परंतु आमच्याही तोंडून शब्द फुटला नाहीं, कारण खरें सांगावयाचें तर अटी आम्हींही वाचल्या नव्हत्या, आणि खर्च आमच्याकडे नव्हता म्हणून विचारण्याचीही तसदी घेतली नव्हती. शेवटीं मातोश्री म्हणाल्या, "माझ्यासाठीं आलांत ना? मग माझ्यासाठीं गप्प बसा." सर्व गप्प बसले. पण मन गप्प बसणें निराळें.

दुसऱ्या दिवशीं पहांटे, नित्याच्या संवयीनें, मातोश्री साडेचारला जाग्या झाल्या. आम्हीं त्यांना उद्वाहकानें वरच्या गच्चीवर नेलें. वाद्यें बंद होतीं. दोन नोकर फरशी धूत होते. त्यांनीं आम्हांस कठड्याजवळ कोरडी जागा करून दिली. प्रथम कांहींच दिसेना, नुसता वारा आणि खालून येणारा पाणी कापल्याचा आवाज. मग काळें होतें तें करडें झालें, करडें होतें तें निळसर झालें, आणि चारी दिशांना कोठेंही कांठ नाहीं हें दिसूं लागलें. मातोश्रींनीं हात जोडले. किती वेळ त्या तशाच बसल्या होत्या कोण जाणे. मग त्यांनीं वांकून खालीं पाहिलें आणि म्हणाल्या, "किती खालीं आहे रे! एवढं पाणी, आणि ओंजळभर घेतां येत नाहीं." खरेंच, चार दिवस आम्ही समुद्रावर होतों, आमच्यापैकीं एकाचेंही बोट खाऱ्या पाण्यानें भिजलें नव्हतें.

मुंबईस परत आलों तेव्हां सायंकाळच्या गाडीला अवकाश होता. मुलांनीं गिरगांव चौपाटीचा आग्रह धरला. वाळूंत खुर्चीचीं चाकें रुतूं लागलीं. वहिनी म्हणाल्या, येथूनच पाहूं या. तेव्हां दादा एका बाजूनें वांकले, आणि कोणीं न सांगतां धाकटे दुसऱ्या बाजूनें. दोघांनीं खुर्ची उचलली. दोन दिवस त्यांचें एकमेकांशीं बोलणें नव्हतें. तेव्हांही झालें नाहीं, फक्त "डावीकडे घे", "सांभाळ", एवढेंच. ओल्या वाळूवर खुर्ची ठेविली. पाणी गढूळ होतें, त्यांत कागद व निर्माल्य तरंगत होतें, लक्षद्वीपाचा तो रंग तेथें नांवालाही नव्हता. एक लाट आली ती मातोश्रींच्या पावलांवरून गेली. त्यांनीं वांकून ओंजळ भरली, डोळ्यांना लावली, आणि थोडी जिभेवर घेऊन म्हणाल्या, "खारट आहे कीं!" ब्यायशी वर्षांत त्यांना इतक्या मोठ्यानें हंसतांना आम्हीं क्वचितच पाहिलें आहे. या समुद्राला भाडें पडलें नाहीं. त्यांनीं पदराच्या टोंकांत मूठभर वाळू बांधून घेतली.

घरीं आल्यावर आठ दिवसांनीं त्यांनीं पवनारास नेण्यास सांगितलें. पवनार वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्यावर, अगदीं जवळ; आम्ही तेथें शेंकडों वेळां गेलों असूं आणि म्हणूनच तें नीट पाहिलें नव्हतें. धाम नदीच्या खडकाळ पात्राशीं उंचवट्यावर विनोबांचा आश्रम आहे. १९३८ सालीं विनोबा तेथें राहावयास आले. जमीन खणतांना रामायणांतील प्रसंगांच्या जुन्या मूर्ती निघाल्या, त्यांतील भरत-भेटीची मूर्ति आजही तेथें आहे. वाकाटकांचें प्रवरपूर तें हेंच, असें महामहोपाध्याय मिराशी यांनीं प्रतिपादिलें होतें. त्यावर विद्वानांत मतभेद आहेत. १९५९ सालीं विनोबांनीं तेथें स्त्रियांकरितां ब्रह्मविद्या मंदिर स्थापिलें. १२ फेब्रुवारी १९४८ रोजीं गांधींच्या अस्थींचा कांहीं भाग याच धाम नदींत विसर्जित झाला, आणि त्या दिवशीं तेथें दरवर्षीं मेळा भरतो. एवढें सर्व असून तेथें तिकीट नाहीं, वाद्य नाहीं, विकत घेण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. खडकांवरून पाणी वाहत असतें आणि माणसें त्याकडे पाहत बसतात.

मातोश्रींनीं पदराची गांठ सोडून मुंबईची वाळू धामेंत सोडली. काशीची यात्रा रामेश्वरीं पुरी होते, आणि रामेश्वराची वाळू गंगेंत सोडावयाची, अशी वहिवाट आहे. त्यांनीं आपल्यापुरती ती अशी भागविली. ती शास्त्रांत बसते कीं नाहीं हें आम्हीं कोणास विचारलें नाहीं. दादांच्या नातवानें विचारलें, "पणजी, ही वाळू आतां कुठं जाणार?" त्या प्रश्नाचें उत्तर दादांनीं दिलें, ते जन्मभर भूगोल शिकवीत आले आहेत. धाम वणेला मिळते, वणा वर्धेला मिळते. वर्धा पुढें वैनगंगेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता सिरोंच्यापाशीं गोदावरींत जाते, आणि गोदावरी पूर्व समुद्रास. मातोश्रींनीं हें शांतपणें ऐकून घेतलें आणि म्हणाल्या, "म्हणजे समुद्राची वाट आपल्या घरावरूनच जाते. हें आधीं सांगितलं असतंस तर एवढा खर्च झाला नसता." दादा हंसले. त्या जहाजाचा विषय निघून ते प्रथमच हंसले होते.

आमच्यासारखीं कुटुंबें अशा सफरीचा बेत करीत असतील, त्यांच्याकरितां दोन शब्द लिहून हा लेख संपवितों. जावें, समुद्र पाहण्याजोगा आहे. पण जागा घेण्यापूर्वीं अटी छापून घेऊन घरांतील एका वडील माणसानें त्या सर्वांसमक्ष मोठ्यानें वाचाव्या. खोलीला खिडकी आहे काय; सर्व खोल्या एकाच मजल्यावर मिळतील काय; जहाज धक्क्याला लागतें कीं होडीनें उतरावें लागतें; ज्यांना चालतां येत नाहीं त्यांना उतरूं देतात काय; मुक्काम रद्द झाल्यास काय परत मिळतें; भाड्याखेरीज कशाकशाचा आकार पडतो; इतकें विचारावें. आम्हीं जहाजाच्या मालकांचें नांव दिलें नाहीं, कारण त्यांनीं छापलें नव्हतें असें कांहींच घडलें नाहीं. वाचलें नाहीं तें आम्हीं. आणि सर्वांत आधीं, ज्या वडील माणसासाठीं जावयाचें त्यालाच विचारावें कीं तुम्हांला नेमकें काय हवें आहे. आम्ही अकरा माणसांनीं तीन महिने बेत केला, पण आईस हा प्रश्न एकानेंही विचारला नाहीं. विचारला असता तर तिनें सांगितलें असतें कीं पाय बुडवावयाचे आहेत.

असो. धाकटे बंधू संक्रांतीस पुण्याहून आले होते. दादांनीं त्यांना तिळगूळ दिला, त्यांनीं वांकून नमस्कार केला; त्या रात्रीच्या बोलण्याचा उल्लेख दोघांपैकीं कोणींही केला नाहीं. तो पुरता मिटला आहे असें आम्ही म्हणूं शकत नाहीं. पण जातांना ते दादांजवळ म्हणाले, "रामेश्वरास सरळ गाडी कोणती, तें पाहून ठेवतों. अटी तुम्ही वाचा."

आई आंत देवघरांत होती. तिनें तें ऐकलें असावें, कारण गंगेचा गडू घासून पुसून दुसऱ्या दिवशीं पुढें मांडलेला होता.